एका बांधीवरून सांगता येत नाही

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष, ज्यांनी हे धान केंद्र वर्षानुवर्षं सांभाळलं आणि निवृत्तीनंतरही ज्यांचा धाक या भिंतींना अजून वाटतो, ते आदरणीय गुणवंतराव निकुरे सर. व्यासपीठावर बसलेले आमचे सध्याचे प्रमुख आणि विद्यापीठाहून आलेली पाहुणे मंडळी. समोर बसलेले सगळे सहकारी. कोसमटोल्याहून सकाळच्या पहिल्या गाडीनं आलेल्या इंदुताई भोयर आणि त्यांच्यासोबतच्या बाया. आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत, पण ज्यांच्या चेहऱ्यावर आत्ताच "लवकर आटपा" असं स्पष्ट लिहिलेलं मला इथून दिसतंय, त्या आमच्या ज्योत्स्नाबाई लोनबले. सगळ्यांना माझा मनापासून नमस्कार.

मी जाहिदा शेख. मूळची राजुऱ्याची. या केंद्रात संख्याशास्त्र सहायक म्हणून बाईंच्या टेबलासमोरच्या टेबलावर बसते. नव्यानं आलेल्या मंडळींसाठी सांगते, आपल्या केंद्रात धानाची नवी वाणं तयार होतात, आणि त्यातलं कोणतं खरंच चांगलं आणि कोणतं नुसतं चांगलं दिसतं, हे ठरवण्याचं काम आमच्या खोलीत चालतं. त्या खोलीत आजवर कोणीही हसत हसत गेलं आणि हसत हसत बाहेर आलं, असं फारसं झालेलं नाही.

आजच्या कार्यक्रमाची एक गंमत आधी सांगून टाकते. बाई आधी सत्काराला तयारच नव्हत्या. मग तयार झाल्या, पण एका अटीवर. "माझ्याबद्दल एकानंच बोलायचं नाई. तिघांनी बोला. एक जण काय, प्रेमानं काहीही बोलंल." म्हणून आज तीन भाषणं आहेत. पहिलं आत्ता आमच्या कार्यालयातल्या प्रफुलभाऊंचं झालं. त्यांनी बाईंचा स्वभाव शांत असल्याचं सांगितलं. तुम्ही टाळ्या वाजवल्या, पण बाईंसकट कोणाचाही त्यावर विश्वास बसलेला नाही. दुसरी मी. तिसऱ्या इंदुताई. आणि त्यानंतर अध्यक्ष, आणि त्यानंतर वडाभात, ज्याचा वास मागच्या दारातून केव्हाचा येतोय आणि ज्याच्याशी स्पर्धा करण्याची माझी अजिबात इच्छा नाही.

तर एकानं का बोलू नये? तिघांनी का बोलावं? या एका प्रश्नात बाईंची सगळी नोकरी सामावलेली आहे, आणि तेच मला आज सांगायचं आहे.

पदव्युत्तर परीक्षेला आम्हाला एक धडा होता. पुस्तकात त्याचं नाव द्विमार्गी प्रचरण विश्लेषण. आम्ही सगळे त्याला टू-वे अनोव्हा म्हणायचो आणि त्याच्यापासून लांब राहायचो. त्याचे दोन प्रकार, एक पुनरावृत्ती असलेला आणि एक नसलेला. मी दोन्हीची सूत्रं पाठ केली, पास झाले, इथं नोकरीला लागले, आणि पहिल्याच आठवड्यात बाईंनी विचारलं, "जाहिदा, पुनरावृत्ती नसली तं बिघडते काय?" मी सूत्र म्हणून दाखवलं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की हे मला पुस्तकातही वाचता आलं असतं.

तो धडा मला समजला तो राजुऱ्यात, माझ्या अब्बांच्या दुकानात. अब्बा, म्हणजे बाबूभाई टेलर, ते आज इथं आलेले आहेत, चौथ्या रांगेत, स्वतः शिवलेल्या शर्टात. त्या वेळी दुकानात दोन कारीगर होते. एक जुने चाचा आणि दुसरा माझा चुलतभाऊ अनस, नवा होता. शर्ट दोघंही शिवायचे, ब्लाउजही दोघं शिवायचे. बाई राजुऱ्याकडे एक प्रयोग बघायला आल्या होत्या, तेव्हा अब्बांकडे एक ब्लाउज टाकून गेल्या. तो अनसनं शिवला, पण घरी एकदा धुऊन घातला तेव्हा तो बाईंना झाला नाही, म्हणून त्या तो परत घेऊन आल्या. अब्बा फार शरमिंदे झाले. त्यांनी तिथल्या तिथं निकाल दिला की चाचा दोन्हीत पक्के आहेत, अनस शर्टात चांगला आहे पण ब्लाउजमध्ये नाही, आजपासून त्यानं ब्लाउजला हात लावायचा नाही. अनस तोंड पाडून मशीनवर बसला.

बाईंनी अब्बांना विचारलं, "त्यानं आजवर माझे किती ब्लाउज शिवले?" अब्बा म्हणाले, हा एकच. "मंग याचा हात चुकला का कापड आटलं, हे तुमाले कसं समजलं, बाबूभाई?" बाईंनी पिशवीतून अजून दोन कापडं काढली आणि अनसपुढे ठेवली. स्वतःला नको असलेली ती दोन कापडं त्यांनी दुकानात येण्याआधी बाजारातून मुद्दाम विकत घेतली होती, हे मला नंतर कळलं. पुढच्या वेळी आल्या तेव्हा दोन्ही ब्लाउज त्यांना व्यवस्थित झाले. पहिलं कापडच धुतल्यावर आटणारं निघालं. आज अनसचं बल्लारपूरला स्वतःचं लेडीज टेलरचं दुकान आहे.

आता यातला धडा मी माझ्या शब्दांत सांगते, चुकलं तर बाई डोळे वटारतीलच. दुकानात दोन बाजूंनी प्रश्न होते. कारीगर कोणता चांगला, हा एक. कपडा कोणता अवघड, हा दुसरा. प्रत्येकानं एकेक नग शिवला तरी या दोन प्रश्नांचं काहीतरी उत्तर निघतं. पण तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा असतो. अमुक कारीगराचं अमुक कपड्याशीच जमत नाही, असं काही आहे का? त्याचं उत्तर एका नगावरून कधीच निघत नाही. कारण बिघडलेला तो एक नग कारीगराच्या हातामुळे बिघडला की त्या दिवसाच्या नशिबामुळे, हे दोन्ही एकाच आकड्यात एकमेकांना चिकटून बसलेले असतात. तेच काम पुन्हा करून घेतलं, की ते सुटे होतात. नशीब दर वेळी वेगळं वागतं. हाताची सवय तीच राहते.

एवढंच आहे ते. पण या एवढ्याशा गोष्टीसाठी बाई आपल्या अध्यक्षांशी कशा भांडल्या, ते आता ऐका. सर, परवानगी आहे ना? सरांनी मान हलवली. ती होकारार्थी होती असं मी धरून चालते.

गुणवंतराव सरांनी ज्या धानासाठी उभी हयात घातली, ते नवं वाण त्या वर्षी तयार झालं होतं. बारा-तेरा वर्षं निवड करत, फेकत, पुन्हा लावत त्यांनी ते घडवलं होतं. चार गावांत त्याची परीक्षा लावली होती. तीन गावं मामा तलावांच्या, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावांच्या, पाण्यावर भिजणारी, गोंडपिपरीपासून इकडची. चौथं गडचिरोलीच्या बाजूचं कोसमटोला, जिथं बांधी, म्हणजे बांध घातलेले धानाचे तुकडे, टेकडीच्या उतारावर आहेत आणि पाणी म्हणजे फक्त वरून पडेल तेवढंच. प्रत्येक गावात तीन धानं लावली, सरांचं नवं, एक नेहमीचं, आणि कोसमटोल्याचं स्वतःचं जुनं धान, ज्याला तिथले लोक टेकाडी म्हणतात. बियाणं थोडं होतं, जमीन मागून मिळाली होती, म्हणून प्रत्येक गावात प्रत्येक धानाची एकेकच बांधी.

निकाल आला. सरांचं धान तिन्ही तलावाच्या गावांत सगळ्यांच्या पुढे. कोसमटोल्यात मात्र सगळ्यांच्या मागे, आणि टेकाडी पुढे. पण कोसमटोल्यात त्या बांधीत रानडुकरं शिरली होती, हे गावानं पाहिलं होतं. सरांचं म्हणणं सरळ होतं. तीन गावांनी कौल दिला, चौथ्यात डुकरांनी खाल्लं, ते सोडून द्या, दोन्ही जिल्ह्यांच्या सगळ्या क्षेत्रासाठी शिफारस पाठवू. प्रस्ताव टाईप झाला. संख्याशास्त्राच्या, म्हणजे बाईंच्या, सहीची जागा तेवढी रिकामी होती.

ती सही झाली असती तर काय झालं असतं, हे समजून घ्या. पुढच्या पावसाळ्याआधी सरकारी योजनेतून कोसमटोल्याला नव्या वाणाचं बियाणं पोचलं असतं, आणि लोकांनी ते आनंदानं पेरलं असतं. टेकाडीचं बियाणं फक्त त्या टेकडीवरच्या काही घरांच्या ढोलीत, म्हणजे धान्याच्या कणगीत, आहे. एक पावसाळा ते पेरलं गेलं नाही, की चुलीवर जातं, आणि मग ते कोणत्याच दुकानात मिळत नाही. आणि दुसऱ्या बाजूला सरांची तेरा वर्षं होती. त्या सहीच्या रिकाम्या जागेत दोन्ही उभं होतं.

मी त्या बैठकीत कोपऱ्यात बसले होते. बाई एरवी प्रमाण मराठी बोलतात, पण अडून बसल्या की त्या गोंडपिपरीच्या होतात. सर म्हणाले, "बाई, डुकरं शिरली होती. कागदावर नोंद आहे."

"डुकरं शिरली हे मले मान्य आहे," बाई म्हणाल्या. "पण नसती शिरली तं किती पिकलं असतं, हे का आता डुकराले इचारू?"

सर म्हणाले की तुम्हाला असं म्हणायचं आहे का, की माझं वाण टेकडीवर चालत नाही? बाई म्हणाल्या, "नाई. मी तसं म्हणून नाई राह्यली. चालत असंल, नसंल. मले नाई माहीत, सर. आणि तुमालेही नाई माहीत."

आपल्या क्षेत्रात, इतक्या शिकलेल्या माणसांच्या खोलीत, "मला माहीत नाही" हे वाक्य मी पहिल्यांदाच इतक्या ठामपणे उच्चारलेलं ऐकलं. बाईंची मागणी एकच होती. अजून एक हंगाम, आणि प्रत्येक गावात प्रत्येक धानाच्या तीन-तीन बांधी. सर त्या दिवशी उठून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो टाईप झालेला प्रस्ताव स्वतःच कपाटात ठेवून दिला. सर, हे मी मुद्दाम सांगते आहे. बाईंनी अडवलं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण अडवल्यावर थांबणारा प्रमुख किती जणांच्या वाट्याला येतो?

दुसरा हंगाम आला. चारही गावांत तीन-तीन बांधी लागल्या. प्रत्येक बांधीच्या कोपऱ्यात काठी, काठीला चिठ्ठी, चिठ्ठीवर धानाचं नाव आणि बांधीचा क्रमांक. कापणीनंतर प्रत्येक बांधीचं धान वेगळं चुरायचं, म्हणजे मळायचं, आणि वेगळं मोजायचं, एवढं पक्कं सांगून आम्ही आलो. मी कोसमटोल्याला मोजणीसाठी पोचले तेव्हा, ज्यांच्या शेतात तिथल्या बांधी होत्या त्या इंदुताई रस्त्यापर्यंत सामोऱ्या आल्या. फार खुशीत होत्या. मला खळ्यावर नेलं. तिथं तीन देखणी पुंजणी रचलेली होती. बाहेरच्या पाहुण्यांसाठी सांगते, कापलेलं धान चुरण्याआधी गोल रचून ठेवतात, त्याला आमच्याकडे पुंजणं म्हणतात. तीन धानांची तीन पुंजणी. नऊ बांधींचं धान, तीन पुंजणी.

मी विचारलं, चिठ्ठ्या कुठे आहेत? इंदुताईंनी पदराची गाठ सोडली. सगळ्या चिठ्ठ्या दोऱ्यात ओवून, नीट जुडी करून ठेवल्या होत्या. "दवानं भिजतीन म्हणून काढून ठेवल्या," म्हणाल्या.

इंदुताई, तुम्ही आज हसताय. त्या दिवशी मला रडू आलं होतं.

यात इंदुताईंची काही चूक होती का? आपल्या झाडीपट्टीतल्या कोणालाही विचारा. एका घरचं एका जातीचं धान एकाच पुंजण्यात जातं. ते तीन ठिकाणी रचलेलं दिसलं, की अख्खं गाव समजतं की या घरात वाटणी झाली, भाऊ वेगळे झाले. इंदुताईंचे सासरे तेव्हा हयात होते. त्यांच्या खळ्यावर एका धानाची तीन पुंजणी उभी राहिली असती, तर संध्याकाळपर्यंत सोयरे समजूत घालायला आले असते. आम्ही शिकलेले लोक चिठ्ठीवर क्रमांक लिहून आलो, पण ते धान कोणाच्या खळ्यावर जाणार आहे, हे आमच्या डोक्यातच आलं नाही.

केंद्रात पुन्हा बैठक. तीन गावांचे आकडे तीन-तीन, कोसमटोल्याचा प्रत्येक धानाचा एकच ढीग. आमच्या एका हुशार सहकाऱ्यानं, नाव घेत नाही, ते इथेच बसलेत आणि वड्याची वाट बघतायत, मार्ग सुचवला. त्या ढिगाचे तीन समान भाग करा आणि तीन रकान्यांत लिहा. सरासरी तीच राहते, कोणाचं काय बिघडतं?

बाईंनी कागदावर एकाखाली एक तीन सारखे आकडे लिहिले आणि तो कागद त्यांच्यासमोर सरकवला. "हे तिन्ही सारखे. म्हणजे कोसमटोल्यात तीन बांधींत वाऱ्याचा, पाण्याचा, डुकराचा, कशाचाच फरक पडत नाई. तिथं योगायोग म्हणून काही नसतेच. असं लिहून देता का?"

खरं तर यंत्रात ते आकडे टाकले असते, तर यंत्रानं मुकाट्यानं उत्तर दिलं असतं. ठाम, देखणं, दशांश चिन्हांसकट. यंत्र विचारत नाही की हे तीन आकडे तीन बांधींतून आले की एका पेनातून. ते विचारण्यासाठी खोलीत कोणीतरी बसलेलं असावं लागतं. आमच्या खोलीत बाई बसलेल्या होत्या.

सगळ्यांना वाटलं आता सर चिडणार. सरांनी तो कागद उचलून खिशात ठेवला. मग त्यांनी आमच्या जीपवरच्या पत्रूभाऊंना हाक मारली आणि गाडी काढायला सांगितली. सर, बाई आणि मी, तिघंही कोसमटोल्याला गेलो.

इंदुताई ओसरीवर बसल्या होत्या. तोवर त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की तुमच्यामुळे सगळा प्रयोग वाया गेला. त्या मान वर करीनात. शेवटी हळूच म्हणाल्या, "मंग आमचं टेकाडी नापास झालं का, बाई?"

बाई त्यांच्या शेजारी खाली बसल्या. "नाई," म्हणाल्या. "तुमचं टेकाडी अजून परीक्षेले बसलंच नाई."

मग बाईंनी जे केलं, त्याचं मला आजही नवल वाटतं. त्यांनी समजावलं नाही, शिकवलं नाही. त्या पुंजण्याबद्दल विचारत राहिल्या. कोणाच्या खळ्यावर किती पुंजणी असतात, वेगळी कधी रचतात, शेजारच्या खळ्यावर तेच धान असलं तर कोणी काही म्हणतं का. इंदुताई म्हणाल्या की शेजाऱ्याच्या खळ्यावर कशाला कोण काय म्हणेल, ते तर वेगळंच घर. बाई वळल्या. सरांकडे बघून म्हणाल्या, "सर, आपण एका घरात तीन पुंजणी मागून राह्यलो होतो. तीन घरांत एकेक मागायचं होतं."

पुढच्या पावसाळ्यात तसंच लावलं. इंदुताई, ललिताबाई आणि कांताबाई, तीन शेजारणी. प्रत्येकीच्या शेतात तिन्ही धानांची एकेक बांधी, कोणतं धान कोणत्या बांधीत हे चिठ्ठ्या उचलून ठरवलेलं. प्रत्येकीच्या खळ्यावर तीन धानांची तीन पुंजणी, अगदी रीतीप्रमाणे. कोणाच्या घरात वाटणी झाली नाही, आणि आमच्या हातात मात्र प्रत्येक धानाचे तीन वेगळे आकडे आले. शास्त्राला जे हवं होतं ते त्या गावाच्या रीतीत आधीपासून बसत होतं. फक्त कोणीतरी ओसरीवर बसून विचारायला हवं होतं.

आणि हो, तोवरच्या दोन वर्षांत टेकाडी दर पावसाळ्यात पेरलं गेलं आणि त्याचं बियाणं ढोलीत राहिलं, कारण बाई दर फेरीत इंदुताईंना एकच सांगायच्या की अजून ठरलं नाही, बी मोडू नका. इंदुताईंच्या घरात एकदा पाहुण्यांसाठी तांदूळ कमी पडला, तेव्हा त्यांनी शेजारून उसना आणला, पण त्या ढोलीला हात लावला नाही. हे त्यांनी मला आज सकाळी सांगितलं, एवढ्या वर्षांनी.

निकालाच्या दिवशी आकडे मी मांडले. रानडुकरं त्या वर्षीही आली होती, पण फक्त कांताबाईंच्या एका बांधीत, आणि तीही टेकाडीच्या. आता मात्र डुक्कर ओळखता येत होतं. कारण बाकीच्या दोघींच्या टेकाडीनं काय पिकवलं ते शेजारी लिहिलेलं होतं. तलावाखालच्या तिन्ही गावांत सरांचं धान प्रत्येक बांधीत पुढे, त्यात शंकाच नाही. आणि कोसमटोल्यात तिन्ही घरांत ते मागे, कांताबाईंकडे तर डुकरांनी खाऊन उरलेल्या टेकाडीच्याही मागे. तिन्ही. एका वेळी ते नशीब असू शकलं असतं. तीन घरांत, तीन शेतांत, सारखंच घडलं, तेव्हा ते नशीब उरलं नाही. टेकडी आणि त्या धानाचं खरंच जमत नव्हतं. अनसच्या वेळी बाईंनी पुन्हा शिवून पाहिलं तेव्हा तो योगायोग निघाला होता. कोसमटोल्यात पुन्हा लावून पाहिलं तेव्हा ते खरं निघालं. दोन्ही वेळी आधी बाईंना उत्तर माहीत नव्हतं, आणि दोन्ही वेळी त्यांनी तसं कबूल केलं होतं. माझ्या लेखी त्यांचा मोठेपणा इथं आहे.

सरांनी तो प्रस्ताव पुन्हा काढला. "सर्व क्षेत्रांसाठी" हे दोन शब्द स्वतःच्या पेनानं खोडले आणि त्या जागी लिहिलं, "तलावाखालील क्षेत्रासाठी. टेकडीच्या क्षेत्रात टेकाडी कायम ठेवावे." मग कागद बाईंकडे सरकवला. बाईंनी सही केली. सर म्हणाले, "बाई, तुम्ही माझं अर्धं वाण खाल्लं." बाई म्हणाल्या, "नाई सर. आता जेवढं हाय, तेवढं पक्कं हाय." आज तलावाखाली कुठेही जा, सरांचं धान डोलतं आहे, आणि कोणी त्याला नावं ठेवत नाही. जिथं ते चालणार नव्हतं तिथं ते गेलंच नाही, म्हणून त्याचं नाव राहिलं.

बाई, तुम्ही आता म्हणाल, पुरे. खरंच पुरे. पण एक शेवटचं सांगू द्या.

आज सकाळी कोसमटोल्याच्या बाया उतरल्या तेव्हा इंदुताईंच्या हातात लोंब्यांच्या जुड्या होत्या, परवाच कापलेल्या टेकाडीच्या. सत्काराच्या टेबलावर आपण शाल ठेवली, नारळ ठेवला, पुष्पगुच्छ ठेवला. मी म्हटलं, इंदुताई, त्यातली एक छानशी जुडी द्या, गुच्छासोबत ठेवते, टेबलावर जागा कमी आहे. इंदुताईंनी जुड्या पदराआड घेतल्या. म्हणाल्या, "एक नाई. बाई एकीवर भरोसा ठेवत नाईत. एक माझ्या बांधीची हाय, एक ललिताच्या, एक कांताच्या. तिन्ही द्यायच्या."

मी जुड्या हातात घेऊन पाहिल्या. प्रत्येक जुडीला दोऱ्यानं एकेक चिठ्ठी बांधलेली आहे.

मघाशी मी म्हटलं ना, बाईंच्या चेहऱ्यावर "लवकर आटपा" लिहिलंय. आता तसं काही लिहिलेलं नाही. त्या चष्मा पुसतायत. आपण तिकडे न बघता पुढे जाऊ.

या समारंभासाठी राबलेल्या सगळ्यांचे, स्वयंपाकघरात घाम गाळणाऱ्या मंडळींचे, दोनदा बंद पडून तिसऱ्यांदा चालू झालेल्या या माईकचे आणि वाण अर्धं झालं तरी मन मोठं ठेवणाऱ्या अध्यक्षांचे मी आभार मानते. माझ्या बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, कोणाचं नाव राहिलं असेल, कोणाची मस्करी जास्त झाली असेल, तर पदरात घ्या. आणि मी बाईंचं कौतुक अतिच केलं असं कोणाला वाटत असेल, तर माझ्यावर विश्वास ठेवू नका. माझं हे एकच भाषण आहे, आणि मी तर त्यांच्या समोरच्या टेबलावर बसते. अजून एक बोलणं बाकी आहे.

इंदुताई, या. जुड्या घेऊन या. आणि चिठ्ठ्या काढू नका.